प्रमोदिनीबाईंनी न वाचलेली कादंबरी

शनिवारी चार वाजता प्रमोदिनीबाईंना वाचक मंडळात पुस्तकावर बोलायचं होतं, आणि शनिवारी दुपारी दीड वाजेपर्यंत त्यांनी कुठलंच पुस्तक वाचलेलं नव्हतं. एक पानसुद्धा नाही. गेले चार महिने त्यांच्या हातात पुस्तक आलंच नव्हतं, कारण हात मोकळे नव्हते. हातात ईशानचा रिमोट होता.

त्याला रिमोट म्हणायचं नसतं, हे ईशानने बंगलोरहून दहा वेळा सांगून झालं होतं. "आई, कंट्रोलर म्हणतात त्याला." बाई "बरं" म्हणायच्या आणि पुढच्या वाक्यात पुन्हा रिमोट म्हणायच्या. त्याने स्वतःसाठी व्हिडिओ गेमचं नवं मशीन घेतलं आणि जुनं दिवाळीत अमरावतीला आणून टीव्हीला जोडून दिलं. बाबा क्रिकेट खेळतील, असा त्याचा अंदाज. बाबांनी, म्हणजे ॲडव्होकेट गोपाळकृष्णांनी, एकदा बॅट फिरवली, पहिल्या चेंडूवर पायचीत झाले, पंचाच्या निर्णयाविरुद्ध दाद कुठे मागायची ते विचारलं आणि मशीनचा नाद सोडला. ते आलं प्रमोदिनीबाईंच्या वाट्याला. आता बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेली ही बाई. हातात घेतलेलं अर्धवट टाकणं त्यांना जमत नाही. त्यांनी एकेक खेळ संपवायला घेतला.

खेळ संपवायचा आणि वहीत अभिप्राय लिहायचा, अशी शिस्त. पूर्वी ज्या वहीत पुस्तकांवर लिहायच्या तीच वही. "तलवारीचा खेळ. मारामारी अति. घोडा मात्र गुणी, हाक मारली की येतो. शंभरपैकी पंचावन्न, त्यातले चाळीस घोड्याचे." त्याखाली, "शेतीचा खेळ. तीन दिवसांत पीक हाती येतं आणि गावात कुणी कुणाच्या धुऱ्याबांधावरून भांडत नाही. करणाऱ्याने शेत पाहिलेलं नसावं. तरी मन रमतं. सत्तर." चौथा खेळ त्या शनिवारी दुपारी दीडला संपला आणि बाई वही उघडून नुसत्या बसून राहिल्या. गुण किती द्यावेत ते सुचेना. डोळे पुसून झाले, पेनाचं टोपण उघडून झालं, तरी सुचेना.

खेळ होता कुठल्याशा थंड देशातला. एक म्हातारी बाई धरणावर राखणदार असते. उन्हाळ्यात पाणी उतरतं आणि धरणात बुडालेलं गाव वर येतं. मग ही बाई घराघरांत जाऊन माणसांच्या विसरून राहिलेल्या वस्तू शोधते. कुणाचा चष्मा, कुणाची चिठ्ठी, लेकराचा एक बूट. प्रत्येक वस्तूबरोबर त्या घराची गोष्ट कळत जाते. शेवटी पाऊस लागतो, पाणी चढायला लागतं, नावाडी होडी घेऊन येतो, बाई होडीत बसते आणि गाव तिच्या डोळ्यांदेखत पुन्हा पाण्याखाली जातं.

"अहो, कुणी कुणाला मारत नाही, कुणी मरत नाही," बाई नवऱ्याला म्हणाल्या, "आणि तरी गाव बुडताना बघवत नाही! हे ज्याने कोणी केलं ना, त्याचे हात धरून नमस्कार करावा."

"मी काही पाहिलं नाही. मी पेपर वाचत होतो," गोपाळकृष्ण पेपरामागून म्हणाले.

"पेपर बुधवारचा आहे."

गोपाळकृष्णांनी नाक ओढलं आणि घड्याळाकडे बोट दाखवलं. तेव्हा बाईंना मंडळ आठवलं.

मंडळ म्हणजे कॉलनीतलं महिला वाचक मंडळ. समाजमंदिराच्या हॉलमध्ये दर शनिवारी वीस-बावीस बाया जमतात, एकजण पुस्तकावर बोलते, मग चहा आणि कच्चा चिवडा. प्रमोदिनीबाई अकरा वर्षं चिटणीस. नियम सगळे त्यांचे. पुस्तक सोबत आणायचं नाही, हाही त्यांचाच, कारण पुस्तक आणलं की बाया ऐकायचं सोडून पानं चाळत बसतात. "पुस्तक हातात नको, डोक्यात पाहिजे," असं त्यांचं म्हणणं. आणि दुसरा नियम त्याहून कडक. न वाचलेल्या पुस्तकावर जी बोलेल, तिचं नाव वक्त्यांच्या यादीतून खोडायचं. तीन वर्षांपूर्वी साधना टालेने एका कादंबरीची गोष्ट टीव्हीवरची मालिका पाहून सांगितली. प्रमोदिनीबाईंनी दोन प्रश्नांत पकडलं आणि भर सभेत तांबड्या शाईने नाव खोडलं. साधना तेव्हापासून दर शनिवारी पहिल्या रांगेत येऊन बसते आणि वाट पाहते.

आता अध्यक्षबाई लेकाकडे नागपूरला कायमच्या चालल्या होत्या. पुढच्या महिन्यात वार्षिक सभेत नवी अध्यक्ष निवडायची होती. अकरा वर्षं दुसऱ्याच्या सहीखाली सही केल्यावर ती खुर्ची आपल्याला मिळावी, असं प्रमोदिनीबाईंना वाटत होतं. वाटत होतं कसलं, हवीच होती. लबाडी करायची त्यांची मुळीच इच्छा नव्हती. पूर्वी वाचलेल्या एका प्रवासवर्णनावर बोलावं, असं ठरवूनच त्या घरून निघाल्या.

पण डोक्यात होतं धरण. त्या उभ्या राहिल्या, समोर कूलर घरघरत होता, त्यातून पाणी ठिबकत होतं, आणि तोंड उघडल्याबरोबर शब्द आले ते असे, "मैत्रिणींनो, आजच दुपारी मी एक गोष्ट संपवली, आणि अजून माझं मन जागेवर नाही." पुढचा पाऊण तास त्या थांबल्या नाहीत. चष्मा, चिठ्ठी, लेकराचा बूट, चढणारं पाणी. मागच्या रांगेत कुणीतरी मुसमुसून रडलं. अध्यक्षबाईंनी चहा थांबवून ठेवला, जे मंडळाच्या इतिहासात कधी झालं नव्हतं.

"कादंबरीचं नाव काय हो?" अध्यक्षबाईंनी डोळे पुसत विचारलं.

इथे खरं सांगून टाकायला हवं होतं. बाईंना ते कळतही होतं. पण पहिल्या रांगेत साधना पेन काढून बसली होती.

"उतरलेलं पाणी," बाई म्हणाल्या.

"लेखक?"

बाईंनी कूलरकडे पाहिलं. सकाळीच घरच्या कूलरची मोटर बदलून गेलेला मिस्त्री त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. "भगवंत," त्या म्हणाल्या. "भगवंत निंभोरकर."

साधनाने लिहून घेतलं.

साधनाचा भाऊ अमोल अकोल्याला पुस्तकांचं दुकान चालवायचा. तिने त्याच रात्री त्याला फोन लावला. आता दुकानदाराने "असं पुस्तकच नाही" म्हणायचं म्हणजे आपलं अज्ञान कबूल करायचं. अमोल म्हणाला, "दोन प्रती व्हत्या ताई, परवाच गेल्या. आवृत्ती संपली." पुढच्या शनिवारी साधनाने हे मंडळात सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. प्रमोदिनीबाईंना तर क्षणभर वाटलं, आपण खरंच ते पुस्तक वाचलंय की काय.

तिथे थांबलं असतं तर बरं होतं. पण अकोल्यात संपलेलं पुस्तक म्हटल्यावर बायांना ते हवंच झालं. सातजणींनी बाईंकडे प्रत मागितली. बाई म्हणाल्या, ती ईशानने नेली. मग ईशानकडून पोस्टाने मागवा, असं त्या सातजणी म्हणाल्या. मग अध्यक्षबाईंना कल्पना सुचली. "लेखक आपल्याच भागातले दिसतात. निंभोरकर म्हणजे इकडलेच. वार्षिक सभेला त्यांनाच बोलवू या. प्रमोदिनीताई, पत्ता काढा."

बाई घरी आल्या त्या थेट नवऱ्यापुढे उभ्या राहिल्या. गोपाळकृष्णांनी सगळं ऐकून घेतलं. चाळीस वर्षं कोर्टात घालवलेला माणूस, असल्या प्रकरणात त्यांना लगेच हुरूप येतो.

"लेखक वारले म्हणून सांग," ते म्हणाले. "मेलेल्या माणसाला समन्स बजावता येत नाही."

"अहो, पण भगवंत चांगला धडधाकट आहे. परवा पुन्हा येणार आहे खस बदलायला."

"तो मिस्त्री. लेखक वारला. कागद वेगळे ठेव."

बाईंनी फोनवर लेखकाला मारलं. अध्यक्षबाई पलीकडून हळहळून म्हणाल्या, "इतका मोठा माणूस आपल्यातून गेला आणि आपल्याला पत्ता नाही. मग वार्षिक सभेत आधी श्रद्धांजली. मुख्य भाषण तुमचंच. आणि एक फोटो लागेल हाराला."

फोटोचं बाईंनी कसंबसं निभावलं. लेखक फार प्रसिद्धिपराङ्मुख होते, आयुष्यात फोटो काढू दिला नाही, असं सांगितलं. त्याने लेखकाबद्दलचा आदर आणखीच वाढला. वार्षिक सभेच्या दिवशी त्या हॉलमध्ये शिरल्या तर समोर एक रिकामी खुर्ची, तिच्या पाठीला शेवंतीचा हार आणि पुढे उदबत्ती. खुर्चीला नमस्कार करून बाया आपापल्या जागी बसत होत्या. प्रमोदिनीबाईंनीही नमस्कार केला. करणार काय?

भाषण मात्र पहिल्यापेक्षाही छान झालं. लेखकाविषयी त्या एक शब्द खोटा बोलल्या नाहीत. ज्याने हे रचलं त्याने घर सोडणाऱ्या माणसाच्या मनात शिरून पाहिलंय, असं म्हणाल्या, आणि ते त्यांना अगदी मनापासून वाटत होतं. शेवटी म्हातारी होडीत बसते तिथे आणून त्यांनी भाषण संपवलं. टाळ्या पडल्या. अध्यक्षबाईंनी खुर्चीकडे पाहून हात जोडले आणि म्हणाल्या, "कुणाला आणखी दोन शब्द बोलायचे आहेत का?"

मागून सुभद्राबाई उठल्या.

सुभद्राबाई मंडळात नव्या. मोर्शीकडच्या, घरी संत्र्याची बाग. नात खुशी कॉलेजला अमरावतीत म्हणून तिच्या सोबतीला येऊन राहिलेल्या. चार महिन्यांत त्या मंडळात एक अक्षर बोलल्या नव्हत्या. यायच्या, ऐकायच्या, चिवडा खायच्या, जायच्या.

"कहाणी लय चांगली सांगतली बाईनं," सुभद्राबाई म्हणाल्या. "मी तं दोन्ही डाव रडली. पण शेवट तसा नाही हाय."

हॉलमध्ये चुळबूळ झाली. साधना अख्खी मागे वळली. "म्हणजे तुमाले हे माहीत हाय?"

"हो मंग. थे बाई होडीत बसतच नाही. नावाडी तसाच राहते."

प्रमोदिनीबाईंच्या डोक्यात दोन विचार एकदम आले. पहिला असा, की जगात नसलेलं पुस्तक वाचलं म्हणणारी ही बाई सरळ सरळ थाप मारते आहे. आणि दुसरा असा, की हिच्याइतकी देवमाणूस आज या हॉलमध्ये नाही. पुस्तकाला साक्षीदार मिळाला होता. आता फक्त "दुसऱ्या आवृत्तीत शेवट बदललाय" एवढं म्हणायचं, खाली बसायचं आणि अर्ध्या तासात अध्यक्ष व्हायचं. गोपाळकृष्ण तिथे असते तर त्यांनी बायकोच्या तोंडावर हात ठेवला असता.

"सुभद्राताई," बाई शांतपणे म्हणाल्या, "ती बसते होडीत."

"नाही बसत."

"अहो, तोच तर त्याचा प्राण आहे. ती बसते, मागे वळून पाहते, आणि—"

"काहून बसन थे? स्वतःचं गाव सोडून? असा शेवट असता तं मी म्हटलं असतं, करणाऱ्यानं घाई केली."

हे ऐकलं आणि प्रमोदिनीबाईंचा तोल गेला. स्वतःला कुणी काही म्हटलं असतं तर त्यांनी गिळलं असतं. पण त्या खेळाला? त्या शेवटाला?

"घाई?" त्यांचा आवाज वर्गातला झाला. "बसते म्हणजे बसते! मी स्वतः बसवलंय तिला. एकदा नाही, तीनदा. या हातांनी, चौकोनाचं बटण दाबून!"

साऱ्या माना प्रमोदिनीबाईंच्या हातांकडे वळल्या.

"कोणतं बटण?" साधनाने विचारलं.

मग काही उरलंच नाही. बाईंनी सगळं सांगितलं. पुस्तक नाही, निंभोरकर नाही, तो कूलरचा मिस्त्री आहे आणि ठणठणीत आहे. तो खेळ आहे, टीव्हीवरचा, ईशानच्या मशीनवरचा. अध्यक्षबाईंनी हार घातलेल्या खुर्चीकडे पाहिलं, मग उठून जाऊन उदबत्ती विझवली.

"पण मी सांगितलेला एकही शब्द खोटा नव्हता," बाई म्हणाल्या. "मला तो पुस्तकाइतकाच मोठा वाटला. तेवढंच सांगायचं होतं. सरळ सांगायची हिंमत झाली नाही."

आणि मग त्यांना एकदम आठवलं. त्या सुभद्राबाईंकडे वळल्या. "पण मग तुम्हाला कसं माहीत?"

"खुशीजवळ हाय ना मशीन. थे कॉलेजात गेली का मी खेळतो," सुभद्राबाई म्हणाल्या. "तुमी पहिल्या दिवशी सांगाले लागल्या, तवाच मले समजलं. मले वाटलं, तुमच्या मोठ्या लोकाईत याले कादंबरी म्हणत असतीन. म्हणून मी उगीमुगी राह्यली."

"आणि तुमची म्हातारी होडीत बसत नाही?"

"नाही. नावाडी आला का मी तिले ओट्यावर बसवतो अन् रिमोट खाली ठेवून देतो. अर्धा घंटा काहीच दाबाचं नाही. मंग शेवट दुसरा येते."

रिमोट म्हणणारं आणखी एक माणूस जगात आहे, याचाही आनंद बाईंना त्या क्षणी झाला नाही. तीन वेळा प्रत्येक घरातली प्रत्येक वस्तू शोधून झाली, आणि खरा शेवट आपल्याला दिसलाच नाही. त्यांना अध्यक्षपद गेल्याचं काहीच वाटेना. हे मात्र जिव्हारी लागलं.

साधना उठली, टेबलावरचं रजिस्टर ओढलं आणि तांबडं पेन काढलं. ते तिच्या पर्समध्ये तीन वर्षं होतं. "नियम तुमचाच हाय, ताई."

"खोडा. आणि तुमचं नाव परत लिहा," बाई म्हणाल्या. "आणि अध्यक्षपदासाठी मी साधना टाले यांचं नाव सुचवते. अनुमोदन कोण देतंय? लवकर द्या, मला घरी जायचंय."

साधना बिनविरोध निवडून आली. तिचं पेन अजून हवेतच होतं. तोवर प्रमोदिनीबाई सुभद्राबाईंचा हात धरून हॉलच्या पायऱ्या उतरत होत्या.

घरी गोपाळकृष्णांनी दोघींना एकत्र पाहिलं, निकाल काय लागला ते ओळखलं आणि मुकाट्याने पेपर उघडून आपल्या खुर्चीत बसले. बाईंनी खेळ लावला. पाऊस लागला, पाणी चढायला लागलं, लांबून होडी आली. नावाड्याने हात केला. बाईंचा अंगठा बटणाकडे गेला आणि सुभद्राबाईंनी वरून आपला हात ठेवला.

"नका दाबू बाई. बसा."

"अहो, पण तो बोलावतोय."

"बोलवू द्या त्याले."

दहा मिनिटं झाली. प्रमोदिनीबाई आयुष्यात कधी दहा मिनिटं नुसत्या बसलेल्या नव्हत्या. त्यांनी पदर सारखा केला, उशी सारखी केली, दोनदा रिमोटला हात लावला आणि दोनदा मागे घेतला. पेपरामागून आवाज आला, "पाणी पायरीला लागलं."

"तुम्हाला इंग्रजी येत नाही ना?" बाईंनी सुभद्राबाईंना विचारलं. "होडीत बसा, असं खाली लिहून येतं. ते वाचता आलं नाही म्हणून तुम्ही बसून राहिलात?"

"होडी दाखवून राह्यला थो, त्याले इंग्रजी कायले लागते?" सुभद्राबाई टीव्हीकडे बघतच म्हणाल्या. "समजलं व्हतं मले. पण मी एक डाव बसली व्हती ना. होडीत नाही, ट्रकात. माझं सासर धरणात गेलं. सायेब आले, म्हणे बसा, गाड्या उभ्या हायेत. आमी बसलो. लेकरं, भांडेकुंडे, म्हशी, सारं भरलं अन् बसलो. इथं कोणी जबरदस्ती नाही करत. मंग पुन्हा कायले बसू?"

प्रमोदिनीबाईंनी रिमोट उचलला आणि टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला.

पाणी ओट्याच्या काठाशी आलं आणि थांबलं. नावाड्याने बराच वेळ वाट पाहिली. मग त्याने होडी खांबाला बांधली, पायऱ्या चढून आला आणि म्हातारीच्या शेजारी ओट्यावर बसला. समोर पाण्याच्या पलीकडे एका घरात दिवा लागला. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. गोपाळकृष्णांनी पेपर केव्हा खाली ठेवला ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

"थे पहा," सुभद्राबाई पुढे वाकल्या आणि त्यांनी काचेला बोट लावलं. "तिसरं. चिंचेजवळचं. थे आमचं घर."

ते झाड चिंचेचं नव्हतं. ते कुठलंसं बर्फातलं झाड होतं, निमुळतं आणि टोकदार. घराला वर धुराडं होतं. आणि बाईंनी तीनदा आत जाऊन पाहिलेलं असल्यामुळे त्यांना पक्कं ठाऊक होतं, की ते घर कुणा पीटर नावाच्या घड्याळजीचं आहे.

"हो," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "मोठं आहे हो अंगण."